गुलमोहराचं 'बांडगूळ': एका चुकीच्या शब्दापायी गेलेल्या आठ आठवड्यांचं प्रकरण

सोसायटीचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही नाहीत. कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्यांपैकी एक, तीन विंग, मधे अंगण, अंगणात गुलमोहर. मी तिथेच राहते आणि अकरावी-बारावीला बायो शिकवते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण या प्रकरणात सगळ्यात जास्त लाज मलाच वाटायला पाहिजे.

पार्श्वभूमी

गुलमोहर नव्वदीच्या सुरुवातीला बिल्डिंग झाली तेव्हा लावलेला. मूळचं मादागास्करचं झाड, पण आता पुण्याचं नाही असं कोणी म्हणणार नाही. मे महिन्यात सगळं अंगण लाल. त्याच्याखाली सिमेंटचा बाक, बाकाशेजारी मुलांची घसरगुंडी, दुसऱ्या बाजूला टू-व्हीलर पार्किंग. आणि पंचवीसेक वर्षं गणपतीचा मांडव त्याच झाडाखाली.

झाडाचं वाईट असं काही कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण मधल्या काळात अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले ते थेट खोडाला चिकटवून, एका दिवाळीत तर बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टाच केला (बसायला), आणि नंतर केबलसाठी चर खणला तो बुंध्यापासून जेमतेम तीन फुटांवरून. गुलमोहराची मुळं मुळातच वरवर पसरणारी, त्यातली जाडजूड दोन-तीन तेव्हा तुटली. चर बुजवला, वर ब्लॉक बसवले, विषय संपला. म्हणजे तेव्हा तसं वाटलं.

प्रॉब्लेम

जूनअखेरीला माळीमामांना बुंध्याशी, चर खणला होता त्या बाजूला, लिंबाएवढा पांढरा गोळा दिसला. पाऊस लागला तसा तो वाढत गेला आणि जुलैत त्याची बशी झाली. अर्धगोल, खोडाला एका बाजूने चिकटलेली, वरून लालसर तपकिरी आणि व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी किनार. मग शेजारी आणखी दोन. काही दिवसांनी बाकावर आणि जवळच्या गाड्यांच्या सीटवर कोकोसारखी बारीक तपकिरी भुकटी साठायला लागली, लोकांना वाटलं कुठेतरी बांधकाम चालू आहे.

ए विंगमधल्या एका काकांनी ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, "झाडाला बांडगूळ लागले आहे, कृपया लक्ष द्यावे." सेक्रेटरींनी तेच वाक्य तक्रार रजिस्टरमध्ये उतरवलं. मी फोटो बघितला, कॉलेजच्या ॲडमिशनच्या गडबडीत होते, थम्सअपचा अंगठा टाकला आणि पुढे गेले.

आता बांडगूळ म्हणजे काय ते कोकणात आंब्याची बाग असलेल्या कोणालाही विचारा. ती हिरवीगार, पानाफुलांची वनस्पती असते. फुलटोच्या पक्षी तिची फळं खातो, चिकट बी फांदीवर पुसून ठेवतो, तिथे ते रुजतं आणि फांदीत मूळ घुसवून पाणी आणि क्षार ओढतं. पण अन्न ते स्वतःच्या पानात स्वतः करतं, म्हणजे अर्धाच परजीवी. उपाय सोपा आहे, बांडगूळ असलेली फांदी थोडी मागून छाटायची. आमच्या बुंध्यावरच्या बशीला पान नाही, फूल नाही, हिरवा रंग औषधालाही नाही. ती बुरशी होती, गॅनोडर्मा. (जात नक्की कोणती याच्या खोलात आम्ही गेलो नाही, निर्णयासाठी त्याची गरज पडली नाही.)

पण एकदा 'बांडगूळ' लिहिलं गेलं की पुढची सगळी डोकी बांडगुळाच्याच दिशेने चालतात.

निर्णय पहिला: कापा आणि फवारा

माळीमामांनी कोयत्याने तिन्ही बशा खरवडल्या. मग गाजरगवतासाठी आणलेलं टू-फोर-डी उरलं होतं ते खोडावर फवारलं. त्यांचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही, नको असलेलं काही उगवलं की तण, आणि तणाला तणनाशक. (गाजरगवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच मानतात, १९५५ सालची, त्यामुळे या शहराला तणनाशकाची सवय असणं साहजिकच.)

झालं काय की साधारण तीन आठवड्यांत बशा परत आल्या, यावेळी चार. आणि बुंध्याशेजारच्या जास्वंदीची पानं वेडीवाकडी पिळवटली. टू-फोर-डी हे वनस्पतीच्या वाढीच्या हार्मोनची, ऑक्सिनची नक्कल करतं, रुंद पानाचं झाड त्याने बेताल वाढतं आणि त्यातच मरतं. जास्वंद वनस्पती आहे, तिला ते बरोबर लागलं. बुरशी वनस्पती नाही, तिला त्या फवाऱ्याचं सोयरसुतक नव्हतं. एका फवारणीत वर्गीकरणाचा अख्खा धडा झाला होता, पण वाचणारं कोणी नव्हतं, मी पण नाही, मी जास्वंदीला पाणी कमी पडतंय म्हणून मामांना बोलले!

निर्णय दुसरा: अर्ज

जुलैअखेर पालिकेकडे फांद्या छाटायच्या परवानगीचा अर्ज गेला. महाराष्ट्रात झाडं तोडण्या-छाटण्यासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, शहरात झाड स्वतःच्या आवारात असलं तरी परवानगी लागते. अर्जात कारण लिहिलं, "बांडगूळ काढणे". पाहणीला आलेल्या साहेबांनी साहजिकच मान वर करून शेंडा बघितला, शेंडा हिरवागार, बांडगुळाचं एक पान नाही. सेक्रेटरी त्या दिवशी ऑफिसला, वॉचमनला काही सांगता येईना. कारण स्पष्ट करून पुन्हा अर्ज द्या असं सांगून ते गेले. बरोबरच केलं त्यांनी. बुंध्याशी गाड्या लावलेल्या होत्या, बशा गाड्यांच्या मागे.

मीटिंग, आणि माझं उशिरा उघडलेलं तोंड

ऑगस्टअखेर गणपतीच्या वर्गणीची मीटिंग पार्किंगमध्ये होती. झाडाचा विषय अजेंड्यावर शेवटचा, तोही मांडवाच्या निमित्ताने आला. डेकोरेशनवाल्याने बुंध्याला दोर बांधताना तिथलं लाकूड अंगठ्याने दबतंय असं बोलून दाखवलं होतं. तेव्हा मी उठून पहिल्यांदा जाऊन नीट बघितलं. बशीच्या खालचा भाग पांढरा, त्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं, नखाने ओढलं तर तपकिरी रेघ उमटते. पाठ्यपुस्तकातलं चित्र! आठ आठवडे मी त्याच्याशेजारी स्कूटर लावत होते.

मी म्हटलं, हे बांडगूळ नाही, हे झाडच नाही, ही बुरशी आहे. यावर चेअरमन काकांचा प्रश्न फार रास्त होता, "अहो ताई, नाव काही का असेना, फरक काय पडतो?"

फरक काय पडतो हे सांगायला मला पंचवीस मिनिटं लागली. थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर झाले.

बुरशीला वनस्पतीत टाकायची सवय जुनी आहे. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींची मोठी यादी केली त्यात बुरश्या होत्याच, फुलं न येणाऱ्यांच्या शेवटच्या गटात, शेवाळं-नेच्यांच्या शेजारी. कारण काय, तर हलत नाही, जमिनीतून उगवतं, म्हणजे झाड. पुढे दोनशे वर्षं तेच. रॉबर्ट व्हिटाकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये बुरशीला स्वतंत्र सृष्टी द्यायचा विचार मांडला आणि १९६९ च्या त्याच्या पाच सृष्टींच्या पद्धतीत ती पक्की झाली: मोनेरा (जिवाणू), प्रोटिस्टा (बहुतेक एकपेशीय जीव), कवक (म्हणजेच बुरशी), वनस्पती, प्राणी. आपल्याकडे आठवीतली पोरंही हे धडाधड म्हणून दाखवतात. पण सवय जात नाही, कॉलेजात बुरशी अजून बॉटनीच्याच डिपार्टमेंटमध्ये शिकवतात, मीही तशीच शिकले. बुरश्यांना शास्त्रीय नावं द्यायचे नियमही वनस्पती आणि शैवालांसोबत एकाच संहितेत आहेत, फक्त २०११ मध्ये त्या संहितेच्या नावात 'बुरशी' हा शब्द मुद्दाम घातला.

व्हिटाकरचा मुख्य मुद्दा होता, कोण कसं जेवतं? वनस्पती उन्हात स्वयंपाक करते. प्राणी आयतं गिळतो आणि मग पोटात पचवतो. बुरशी उलटं करते, आधी पाचकरस बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग ते शोषून घेते. म्हणजे जेवणात घर करून राहते. भाकरीवरची बुरशी भाकरीतच राहत असते, आमची बुरशी गुलमोहराच्या लाकडात.

इथे बी विंगमधल्या आजींनी विचारलं, "मग अमरवेल? ती कुठे हिरवी असते?" हा प्रश्न मला वर्गात कधी कोणी विचारलेला नाही. अमरवेल पिवळी, पानं जवळजवळ नाहीतच, सगळं दुसऱ्याच्या जिवावर. तरी ती वनस्पतीच, कारण तिला फुलं येतात, बी येतं, तिच्या पेशीची भिंत सेल्युलोजची असते. तिचे पूर्वज हिरवे होते, तिने स्वयंपाक सोडून दिला. बुरशीच्या घराण्यात चूल कधी नव्हतीच. म्हणून 'हिरवं नाही म्हणजे बुरशी' असं नाही चालत, भिंत बघावी लागते.

बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची. तेच कायटिन झुरळाच्या पाठीत आणि कोळंबीच्या टरफलात. साठवणीतलं अन्न वनस्पतीत स्टार्च, बुरशीत ग्लायकोजेन, जे आपल्या यकृतात असतं. घरी बघायचं तर बटाट्याच्या फोडीवर बेटाडीनचा थेंब टाका, निळाकाळा डाग पडेल, बाजारातल्या बटन मशरूमच्या फोडीवर टाका, तसा पडणार नाही. आणि १९९३ पासून रेणूंच्या पुराव्यावरून जे पुढे आलं त्यात बुरशीचं जवळचं नातं वनस्पतीशी नाही, प्राण्यांशी निघालं. म्हणजे वंशवेलीवर अळंबी पालकापेक्षा आपल्याला जवळची.

एवढं बोलल्यावर अर्थातच "म्हणजे मशरूम नॉनव्हेज?" हे आलंच, त्यात श्रावण चालू. दहा मिनिटं त्यात गेली. मी म्हटलं, प्राणी नाही, वनस्पतीही नाही, तिसरंच आहे, तुमच्या चातुर्मासाचा निर्णय व्हिटाकरवर ढकलू नका. आजी म्हणाल्या, गोड्या मसाल्यातलं दगडफूल तरी चालतं ना? ते तर बुरशी आणि शैवालाचा संसारच असतो, हे मी त्यांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

एका आईने ब्लॅक फंगसचं विचारलं, घसरगुंडी शेजारीच आहे म्हणून. २०२१ सगळ्यांच्याच लक्षात आहे. ब्लॅक फंगसवाली ती म्युकर नावाची बुरशी वेगळी, लाकूड खाणारी ही बुरशी वेगळी. पण प्रश्न मुद्द्याचा होता. म्युकरवरचं औषध, अँफोटेरिसिन, किडनीला इतकं जड का जातं? बुरशीची पेशी आपल्या पेशीसारखी, तिला मारायला जो फरक सापडतो तो छोटासा, तिच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल आणि आपल्या पडद्यात कोलेस्टेरॉल. औषध तो फरक धरून मारतं, पण थोडंफार आपल्यालाही लागतंच. त्याच जातकुळीतलं हॅमायसिन आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये शोधलं गेलं, ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याच्या नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. असो, भरकटले.

मीटिंगला पटलेला मुद्दा यातला एकच होता. बांडगूळ बाहेर असतं, मूळ तेवढं आत. बुरशीचं उलटं आहे. तिचं खरं शरीर म्हणजे केसापेक्षा बारीक तंतूंचं जाळं, ते लाकडाच्या आत असतं, बाहेरची बशी म्हणजे नुसतं फळ, बीजाणू सोडण्यापुरतं. गाड्यांवरची भुकटी म्हणजे तेच बीजाणू. आंबा तोडल्याने आंब्याचं झाड मरत नाही. आणि फळ धरण्याइतकं जाळं आत पोसलंय याचा अर्थ ते काही वर्षं खातंय. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडणं फार थोड्या जिवांना जमतं, यांना जमतं. बुंध्याच्या आतलं लाकूड पांढरं, मऊ, स्पंजासारखं होत जातं. वरची पानं हिरवीच राहतात, कारण पाणी चढतं ते बाहेरच्या ताज्या लाकडातून, आणि ते शेवटपर्यंत शाबूत असू शकतं. मग एका वादळात हिरवंगार झाड मुळासकट आडवं होतं आणि लोक म्हणतात, कालपर्यंत तर चांगलं होतं.

यानंतर कोणी 'फरक काय पडतो' विचारलं नाही.

कोणते पर्याय समोर होते

बशा काढून बोर्डो लावायचं, हा सगळ्यात लोकप्रिय पर्याय. मोरचूद आणि चुना, बागायतदाराचा हुकमी उपाय. पण बोर्डो पृष्ठभागावर काम करतं, नवीन बीजाणू रुजू नये म्हणून. आतल्या लाकडातल्या जाळ्यापर्यंत ते पोचत नाही.

जमिनीत बुरशीनाशक ओतायचं, हे एका इंजिनिअर सदस्याचं म्हणणं. हे मी जोरात नाकारलं. एक तर बुरशीनाशक नावाची एकच गोष्ट नसते. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, भुरी रोगाला गंधक मारतात, पण केवडा रोगाला मेटालॅक्सिल हे वेगळंच औषध. का, तर भुरी खरी बुरशी आणि केवडा बुरशीसारखा दिसणारा पण भलत्याच घराण्यातला जीव, त्याची भिंत कायटिनची नाही, सेल्युलोजची. म्हणजे तिथेही वर्गीकरण चुकलं की फवारणीचे पैसे पाण्यात. दुसरं, बहुतेक झाडांच्या मुळांशी मैत्री करून राहणाऱ्या बुरश्या जमिनीत असतात, त्या पाणी-फॉस्फरस आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. सरसकट विष ओतलं तर आधी त्या मरणार.

ट्रायकोडर्मा घालायचं. ही पण बुरशीच, दुसऱ्या बुरश्यांना खाणारी, नर्सरीत सहज मिळते. नवीन रोपाच्या मातीत घालायला चांगली, पण तीस वर्षांच्या पोखरलेल्या बुंध्याला ती काय करणार.

फांद्या हलक्या करून, खालची जागा बंद करून, झाडाची तपासणी करायची.

थेट तोडायचं.

आणि काहीच करायचं नाही, निदान गणपती होईपर्यंत. हा पर्याय कोणी मोठ्याने मांडला नाही, पण मीटिंगमध्ये सगळ्यात वजनदार तोच होता. "पंचवीस वर्षं बाप्पा तिथेच बसतात" यावर उत्तर देणं सोपं नसतं. मधेच रत्नागिरीच्या एका काकूंनी वेगळाच सूर लावला, हा फणसोंबा असेल तर मला द्या, लहान मुलांच्या तोंडाला उगाळून लावतात. फणसोंबा म्हणून जे वापरतात ते फणसाच्या खोडावरचं असतं, हे गुलमोहरावरचं, आणि त्यावर टू-फोर-डी मारलेलं! काकूंना विनंती करून ते हातातून काढून घेतलं.

काय ठरलं आणि काय केलं

मांडव सी विंगच्या पार्किंगमध्ये हलवायचा, हे एका मताच्या फरकाने पास झालं. भांडण झालं, दोन घरांनी वर्गणी दिली नाही, पण त्याच रात्री बाक, घसरगुंडी आणि गाड्या हलवून झाडाभोवती दोरी बांधली. माझ्या मते पूर्ण प्रकरणातला हा एकमेव निर्णय जो वेळेवर झाला, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

नवीन अर्ज दिला. यावेळी कारण असं लिहिलं: बुंध्याशी लाकूड कुजवणारी बुरशी, चार फळे, फोटो जोडले आहेत, बुंध्याची पाहणी व्हावी. नेमका शब्द आणि जवळून काढलेला फोटो, बाकी अर्ज तोच. पाहणीला आलेले लोक यावेळी थेट खाली वाकले.

मधल्या काळात झाडांची तपासणी करणाऱ्या एका जाणकारांना बोलावलं. त्यांनी लाकडी हातोड्याने बुंध्याभोवती गोल ठोकत आवाज ऐकला. पार्किंगच्या बाजूला टणटण, घसरगुंडीच्या बाजूला मडक्यासारखा ढब ढब. मग लोखंडी सळई कट्ट्याच्या फटीतून दाबली, ती चराच्या बाजूने वीतभर आत गेली, फारसा जोर न लावता. झाड झुकलेलं घसरगुंडीकडेच होतं. त्यांचं मत, फांद्या हलक्या करून एखादा पावसाळा काढता येईल, पण खाली मुलं खेळणार असतील तर मी सही करणार नाही.

परवानगी आली तशी आधी घेर कमी केला, मग दिवाळीनंतर झाड उतरवलं, वरून तुकडे करत.

निष्पत्ती

बुंध्याचा काप सगळ्यांनी बघितला. एका बाजूला चार बोटं चांगलं लाकूड, दुसऱ्या बाजूला तेवढंही नाही, मधे पांढरट ओलसर स्पंज, हाताने तंतू तंतू सुटणारा. ज्या दोन घरांनी वर्गणी दिली नव्हती त्यातले एक काका तो काप बराच वेळ बघत उभे होते, काही बोलले नाहीत.

पण सगळे खूश झाले असं अजिबात नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी "फुलतं झाड तोडलं" म्हणून ऐकवलं, आणि मला त्यांचं दुखणं कळतं, मेमध्ये ते खरंच फुललं होतं. ते झाड त्या पावसाळ्यात पडलंच असतं का? नसतंही. पण पडलं असतं तर घसरगुंडीवर पडलं असतं.

बुंधा मुळापासून काढायचा खर्च कमिटीला जास्त वाटला, म्हणून जमिनीलगत कापून तसाच ठेवला आणि बाजूला, त्याच खड्ड्यात म्हणावं इतकं जवळ, हौसेने नवीन गुलमोहर लावला. मी नको म्हटलं होतं. मतदानात पडले.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या फोटोला थम्सअप न टाकता मी एक ओळ लिहिली असती, "बुंधा आहे, पान नाही, ही बुरशी आहे", तर जास्वंद वाचली असती आणि पहिला अर्ज वाया गेला नसता. शिकवणाऱ्या माणसाला वाटतं की वर्गीकरण म्हणजे परीक्षेतले दोन मार्क. मी वर्षानुवर्षं 'कवक आणि वनस्पती यातील फरक लिहा' हा तक्ता फळ्यावर काढत आले, डावीकडे कायटिन, उजवीकडे सेल्युलोज, आणि माझ्याच अंगणातला कायटिनचा ढीग मला दिसला नाही. आता तो धडा मी त्या बुंध्याच्या तुकड्यापासून सुरू करते, तक्ता नंतर.

खरवडण्याआधी तुकडा जपून ठेवायला हवा होता. ओळख पटवायची म्हटली तर पुण्याएवढी सोय क्वचितच कुठे असेल, बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आपल्या आघारकर संशोधन संस्थेतच आहे, जिथे बुरश्या काचनळ्यांत जिवंत ठेवतात. (संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची आणि ती आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर, रिक्षावाल्याला सांगताना हमखास गोंधळ.) पण आम्ही पहिल्या दिवशीच सगळं कचऱ्यात टाकलं आणि नंतरच्या बशा तणनाशक मारलेल्या खोडावरच्या.

मांडवाची घाई नसती तर निर्णय लांबला असता, हे कबूल करते. घाई आमच्या बाजूने आली, असं नेहमी होत नाही.

आणि खरी चूक खूप आधीची, केबलच्या चराची. तुटलेल्या मुळाची जखम म्हणजे बीजाणूला उघडं दार. चर सहा-आठ फूट लांबून नेता आला असता, बुंध्याभोवती माती मोकळी ठेवता आली असती. कट्टा बांधताना पाणी आणि हवा कुठून जाणार हे कोणी विचारलं नाही, मी तेव्हा कमिटीवर होते.

बुंधा तसाच ठेवणं ही चालू चूक आहे. झाड मेलं म्हणून बुरशी मरत नाही, तिचं जेवण तिथेच आहे, उलट आता प्रतिकार करणारं कोणी नाही. आणि ही बुरशी मुळाला मूळ लागून शेजारच्या झाडात जाऊ शकते, त्यात शेजारी आम्ही पुन्हा गुलमोहरच लावलेला. निदान दुसरं झाड, दुसऱ्या कोपऱ्यात लावायला हवं होतं.

यंदा जुलैत आजींनी फोटो पाठवला. कापलेल्या बुंध्याच्या कडेला तीन चकचकीत बशा, किनार पांढरी, नव्या रोपापासून हातभर अंतरावर. खाली लिहिलं होतं, "ताई, फळं धरली."

बुंधा काढायचं कोटेशन आता मागवलंय. ते ज्या कामाच्या नावाखाली रजिस्टरमध्ये चढलंय ते मी काल बघितलं, "बांडगूळ काढणे (उर्वरित काम)".